न दिसणाऱ्यांची तुलना

बगळा म्हटले की मराठी वाचकासमोर दोन आकृती उभ्या राहतात. पहिली, पाणथळाच्या कडेला एका पायावर निश्चल उभा असलेला पांढराशुभ्र पक्षी. दुसरी, त्याच पक्ष्यावरून भाषेने घडवलेला ढोंगी माणूस. 'बकध्यान' हा शब्द आपण भक्तासाठी वापरत नाही, भक्ताचे सोंग आणणाऱ्यासाठी वापरतो. पंचतंत्रातला म्हातारा बगळा माशांना दुसऱ्या तळ्यात नेऊन सोडतो असे सांगतो, वाटेत त्यांना एकेक करून खातो आणि अखेर खेकड्याच्या नांगीत मान सापडून मरतो. शेताच्या बांधावर मुकाट बसणाऱ्या ढोकरीलाही आपण 'वंचक' हे नाव देऊन मोकळे झालो. बगळ्यावरचा खटला आपल्या भाषेने फार पूर्वीच निकाली काढला आहे.

या खटल्यात ज्यांची साक्षच कधी झाली नाही अशा दोन बगळ्यांविषयी आम्ही येथे लिहिणार आहोत. ते पांढरे नाहीत, उघड्या तळ्याकाठी उभे राहत नाहीत, मासे हे त्यांचे मुख्य अन्न नाही, आणि एकाच झाडावर शेकडो घरट्यांची वसाहत करण्याची बगळ्यांची सर्वपरिचित रीतही त्यांच्यात नाही. ओलसर रानाच्या तळाशी, कुजलेल्या पाल्यातून ते एकेकटे वावरतात आणि मुख्यतः गांडुळांवर जगतात. एकाला मलायी रातबगळा म्हणतात, दुसऱ्याला जपानी रातबगळा. पहिला आपल्या सह्याद्रीत आहे. दुसरा जपानमध्ये वीण करतो आणि हिवाळा काढायला मुख्यतः फिलिपाइन्सच्या रानात जातो.

साहित्याच्या वाचकांपुढे ही तुलना मांडण्यास कारण आहे. तौलनिक साहित्याच्या तासाला जी कृती आम्ही वर्षानुवर्षे शिकवत आलो ती सर्वांच्या परिचयाची आहे: दोन कलाकृती समोर ठेवाव्या, साम्ये लिहावी, भेद लिहावे, निष्कर्ष काढावा. या कृतीत एक गृहीत असते. दोन्ही कलाकृती आपल्यापुढे सारख्याच उघड्या आहेत, हे ते गृहीत. ज्यांची ख्यातीच लपून राहण्याबद्दल आहे त्यांची तुलना करू लागले की हे गृहीत डळमळते. मलायी रातबगळा आम्ही पाहिला आहे, फार थोडा वेळ. जपानी रातबगळा आम्ही केवळ वाचला आहे. म्हणजे एक मूळ भाषेत आणि दुसरा भाषांतरात, असा हा प्रकार. तरीही दोघांपैकी अधिक ओळखीचा कोणता, या प्रश्नाचे उत्तर वाटते तितके सरळ नाही.

प्रथम रीतीप्रमाणे साम्ये पाहू. दोघांची लांबी सुमारे पन्नास सेंटिमीटर, म्हणजे गायबगळ्याएवढीच. पण बांधा आखूड आणि ठेंगणा, मान जाड, आणि चोच बगळ्याला न शोभणारी, तोकडी, बळकट व टोकाकडे किंचित खाली वळलेली. लांब भाल्यासारखी चोच पाण्यातल्या माशासाठी असते. मऊ मातीतून गांडूळ ओढून काढायला आखूड चिमटा बरा. दोघांचा रंग पाचोळ्याचा, तांबूस-तपकिरी, वर बारीक काळसर नक्षी. दोघेही झाडाच्या फांदीवर काटक्यांचे विरळ घरटे करतात, पुष्कळदा ओढ्याच्या वर किंवा जवळ. विणीच्या दिवसांत दोघांचा आवाज घुबडासारखा खोल आणि एकसुरी, सांजेला आणि रात्री रानातून येणारा. आणि चाहूल लागताच उडण्याऐवजी मान ताठ करून, चोच आकाशाकडे रोखून मोडक्या फांदीसारखे थिजून जाण्याची सवयही दोघांना आहे.

भेद मोजकेच. मलायीच्या डोक्यावर काळी टोपी असते आणि तिचे लांब तुरे मागे मानेवर रुळतात. जपानीचे डोके काळे नसून चेस्टनटसारखे तांबडे असते, तुरा आखूड. मलायीच्या उड्डाणपिसांची टोके पांढरी, जपानीची तशी नाहीत. फिलिपाइन्समध्ये दोघे एकाच रानात भेटू शकतात, आणि तिथे पक्षी उडाला तर पंखाच्या टोकावरचा हा पांढरा ठिपका जाणकारांना उपयोगी पडतो. मलायीचा विस्तार मोठा आहे. पश्चिम घाट, ईशान्य भारत, आग्नेय आशिया, दक्षिण चीन, तैवान, फिलिपाइन्स आणि जपानच्या अगदी दक्षिणेकडची याएयामा बेटे एवढा त्याचा पसारा. हिवाळ्यात तो श्रीलंकेतही दिसतो. जपानीची वीण जवळजवळ सगळी होन्शू, शिकोकू, क्यूशू आणि इझू बेटांवर होते.

साम्य असले म्हणजे नाते असतेच असे नाही, हे तौलनिक अभ्यासकाला नव्याने सांगायला नको. दोन कादंबऱ्या सारख्या दिसतात तेव्हा एकीचा दुसरीवर प्रभाव आहे, की दोघी सारख्या परिस्थितीतून स्वतंत्रपणे उगवल्या आहेत, हा आपला जुना वाद. पक्षिशास्त्रातही तो आहे. या दोघांचे प्रजातिनाम 'गोर्साकिअस'. या एकाच नावाखाली बराच काळ चार पक्षी एकत्र नांदत होते. चीन व व्हिएतनामकडचा श्वेतकर्ण रातबगळा आणि आफ्रिकेतला श्वेतपृष्ठ रातबगळा हे उरलेले दोघे. मोठे डोळे, रानातले गुप्त जीवन, एकांतप्रियता, एवढ्या साम्यांवर हे कुटुंब उभे होते. गेल्या काही वर्षांतील जनुकीय अभ्यासांनी ते विस्कटले. श्वेतकर्ण आणि श्वेतपृष्ठ यांना वेगळ्या प्रजातींत हलवण्यात आले आणि 'गोर्साकिअस'मध्ये उरले ते आपले दोघेच. चौघांपैकी दोघांचे साम्य परिस्थितीचे होते, दोघांचे रक्ताचे. बाहेरून पाहणाऱ्याला हे कळण्याचा काही मार्ग नव्हता.

नावांची कथा तर याहून उद्बोधक आहे. मलायी रातबगळ्याला शास्त्रीय नाव दिले १८२२ साली स्टॅमफर्ड रॅफल्स यांनी. सिंगापूरचे संस्थापक म्हणून ज्यांना आपण ओळखतो तेच हे रॅफल्स. त्या काळात ते सुमात्रात ईस्ट इंडिया कंपनीचे अधिकारी होते. त्यांनी 'काळ्या तुऱ्याचा' एवढाच अर्थ असलेले ग्रीक विशेषण निवडले: मेलानोलोफस. नाव रुक्ष आहे, पण खरे आहे. जुन्या इंग्रजी ग्रंथांनी त्याच पक्ष्याला अंगावरच्या पट्ट्यांवरून 'टायगर बिटर्न' म्हटले, पण गांडुळे खाणाऱ्याला वाघाची उपाधी फार काळ पेलवली नाही.

जपानी रातबगळ्याचे नाव आले राजदरबारातून. 'हेइके मोनोगातारी' या मध्ययुगीन जपानी युद्धकथेत एक छोटी आख्यायिका आहे. सम्राट दाइगो (राज्यकाळ ८९७ ते ९३०) क्योतो नगरीतील शिन्सेन-एन या उद्यानात गेले असता त्यांना तळ्याकाठी एक बगळा दिसला. त्यांनी सहाव्या श्रेणीच्या एका दरबाऱ्याला तो धरून आणायला सांगितले. दरबारी जवळ गेला, बगळा पंख उचलून उडण्याच्या बेतात आला, तेव्हा दरबाऱ्याने त्याला सम्राटाची आज्ञा ऐकवली. बगळा जागच्या जागी अंग टाकून बसला. त्याच्या आज्ञाधारकपणावर खूश होऊन सम्राटाने त्याला पाचवी श्रेणी बहाल केली आणि सोडून दिले. त्या दरबारात पाचव्या श्रेणीपासून खरे सरदारपद सुरू होई. म्हणजे धरायला गेलेला माणूस सहावीतच राहिला आणि धरला गेलेला बगळा त्याच्या वर जाऊन बसला. या कथेवर 'सागी' नावाचे नोह नाटकही आहे. पाचवी श्रेणी म्हणजे 'गोई', बगळा म्हणजे 'सागी'. म्हणून जपानीत 'गोईसागी'.

मात्र हा 'गोईसागी' म्हणजे आपला रानातला पक्षी नव्हे. जपानी लोक ज्याला गोईसागी म्हणतात तो काळ्या डोक्याचा, राखी पंखांचा, तळ्याकाठी सर्वत्र आढळणारा रातबगळा. आपल्याकडेही तलावांशेजारच्या झाडांवर तो वस्ती करून राहतो. रानातल्या तपकिरी पक्ष्याला जपानी लोक 'मिझोगोई' म्हणतात. 'मिझो' म्हणजे चर किंवा पाट, पाणी वाहून जाणारी खोलगट रेघ. म्हणजे चरातला गोई. पण हॉलंडमधील लायडनच्या संग्रहालयाचे संचालक टेम्मिंक यांनी १८३६ साली मिझोगोईचे शास्त्रीय नामकरण करताना त्याला 'गोईसागी' हेच नाव दिले. पुढे १८५५ साली शार्ल ल्युसियँ बोनापार्ट या पक्षिशास्त्रज्ञांनी त्याच शब्दाला लॅटिन पेहराव चढवून 'गोर्साकिअस' हे प्रजातिनाम घडवले. हे बोनापार्ट नेपोलियनचे पुतणे. एका सम्राटाने तळ्यावरच्या बगळ्याला दिलेली पदवी दुसऱ्या सम्राटाच्या पुतण्याने रानातल्या बगळ्याच्या, आणि त्याच्याबरोबर आपल्या सह्याद्रीतल्या बगळ्याच्याही, कायमची गळ्यात बांधली. दोघांनाही दरबाराशी काही देणेघेणे नव्हते.

याएयामा बेटांवरच्या मलायी रातबगळ्याला जपानीत 'झुगुरो मिझोगोई' म्हणतात, म्हणजे काळ्या डोक्याचा मिझोगोई. हे आम्हाला फार सूचक वाटते. तिकडे आपला पक्षी त्यांच्या पक्ष्याचा एक प्रकार ठरतो. मराठीत लिहिताना आम्ही नकळत मलायीपासून सुरुवात केली, वर 'मलायीची टोपी काळी, जपानीची तशी नाही' अशी वाक्ये लिहिली. कोणतीही तुलना कुठल्या तरी घरातून निघते आणि त्या घराचा उंबरठा तिच्या व्याकरणात उतरतो. भारतीय साहित्याची तुलना युरोपशी करताना 'आपल्याकडे अमुक नाही' अशी वाक्ये किती सहज येतात, हे विद्यार्थ्यांनी या निमित्ताने आठवून पाहावे.

दाइगो सम्राटाच्या कथेतला बगळा उडाला नाही, जागीच बसला. दरबाराने त्या स्थिर पक्ष्यात आज्ञापालन वाचले. पंचतंत्राने तळ्याकाठच्या स्थिर बगळ्यात कपट वाचले. तिसरे वाचन आजचे आहे आणि ते तैवानचे आहे. तायपेइ शहरात मलायी रातबगळा आता उद्यानांत, वनस्पतिशास्त्रीय बागेत, विद्यापीठाच्या आवारात हिरवळीवर भर दिवसा फिरताना दिसतो. माणूस चार पावलांवर आला तरी तो मान ताणून उभाच राहतो. तिथल्या विद्यार्थ्यांनी त्याला लाडाने नाव ठेवले आहे, त्याचा अर्थ 'मोठा बावळट पक्षी'. कपट, आज्ञाधारकपणा, बावळटपणा: तीन समाज, तीन वेगवेगळ्या जातींचे बगळे, आणि एकाच शारीर मुद्रेचे तीन अर्थ. मुद्रा मात्र कमालीची साधी आहे. हालचाल केली की दिसतो. दिसलो की खाल्ला जातो किंवा भक्ष्य निसटते. म्हणून हलायचे नाही. पाचोळ्याच्या रंगाच्या प्राण्याला स्थिर राहणे हे पळून जाण्याइतकेच उपयोगी असते. या तिन्ही वाचनांत जे सापडते ते वाचणाऱ्यांच्या घरचे आहे. राजाला प्रजा दिसली, नीतिकथाकाराला ढोंगी दिसला, परीक्षेला निघालेल्या विद्यार्थ्याला आपला एखादा वर्गमित्र दिसला असावा.

आम्हाला काय दिसले ते सांगणे प्राप्त आहे. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, श्रावणाच्या सुमारास, एका ओढ्याकाठच्या पायवाटेने आम्ही चाललो होतो. पाऊस नुकताच थांबला होता आणि झाडे अजून गळत होती. वाट दाखवणाऱ्या गावकऱ्यांनी हात आडवा धरून आम्हाला थांबवले आणि पुढच्या उताराकडे बोट केले. तिथे पाला होता, दगड होते आणि एक तुटका बुंधा होता. आम्ही पुष्कळ वेळ त्या बुंध्याकडे पाहिले. मग बुंध्याच्या डोळ्याभोवती निळसर कातडी आहे असे ध्यानात आले, आणि त्यानंतर काळी टोपी, तांबूस मान, अंगावरची सूक्ष्म नक्षी असे सगळे एकेक करून जागेवर आले. पक्षी आधीपासून तिथे होता. त्याने काही केले नाही. काही क्षणांनी त्याची मान अगदी हळू डावीउजवीकडे झुलू लागली, पाणी हलावे तशी. मग तो दोन पावले चालला, पाचोळ्यात चोच घातली, गांडूळ ओढले आणि उतारापलीकडे गेला. सगळे मिळून पाचसात मिनिटे झाली असतील. आमच्या सोबत्यांना तो लपलेला आहे असे वाटलेच नव्हते. त्यांच्या लेखी तो आपल्या जागी होता आणि आम्ही नवखे होतो.

ती वेळ दुपारची होती, ही गोष्ट पुढे आम्हाला अधिक विचारात पाडून गेली. नाव रातबगळा आणि काम दिवसाढवळ्या. तायपेइच्या हिरवळीवरही तो दिवसाच गांडुळे वेचतो. जपानी रातबगळ्याचेही तसेच निघाले. पिढ्यानपिढ्या पुस्तकांनी त्याला निशाचर म्हटले. रात्री त्याचा आवाज येई, दिवसा तो दिसत नसे, म्हणून तो रात्रीचा, असा तो तर्क. अलीकडे घरट्यांजवळ आणि चरण्याच्या जागी काळजीपूर्वक निरीक्षणे झाली तेव्हा तो दिवसा अन्न शोधतो असे जपानी अभ्यासकांच्या ध्यानात आले. नर सांजेला व रात्री घुमतो हे खरे, पण घुमणे म्हणजे जगणे नव्हे. कवी रात्री लिहितो म्हणून तो दिवसा नोकरीला जात नाही असे कोणी अनुमान काढावे, तसे ते झाले होते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. हे दोघे इतके सारखे, एकमेकांचे सर्वांत जवळचे नातलग, एकाच अन्नावर जगणारे. तरी एक तायपेइत हजारो लोकांच्या पायांशी फिरतो आणि दुसऱ्याचे नाव जागतिक लाल यादीत 'असुरक्षित' म्हणून आहे. हा फरक कशाने पडला?

'एक धीट, दुसरा भित्रा' हे उत्तर सर्वांत सोपे आणि सर्वांत निरुपयोगी आहे. तैवानमध्येही मलायी रातबगळा काही दशकांपूर्वी दुर्मीळ आणि रानातच राहणारा मानला जाई. तिथे त्याला शहरात काय मिळाले ते पाहिले तर उलगडा होतो: वर्षभर ओलसर राहणारी माती, आखूड कापलेले गवत, त्यात मुबलक गांडुळे, घरट्याला जुनी सावलीची झाडे, आणि त्रास न देणारी माणसे. रानात ज्या वस्तू त्याला लागत होत्या त्या सगळ्या बागेत होत्या. त्याने स्वभाव बदलला असे म्हणण्यापेक्षा त्याला लपण्याची गरज उरली नाही असे म्हणणे अधिक बरोबर. शिवाय तो तिथे बारमाही राहतो. जपानी रातबगळ्याला दोन घरे लागतात. वसंतात जपानमधली टेकड्यांच्या पायथ्याची, खेड्यालगतची, दमट आणि मिश्र झाडांची राने, ज्यांना तिकडे 'सातोयामा' म्हणतात. आणि हिवाळ्यात समुद्रापारची उष्ण कटिबंधातली सखल राने. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये फार मोठ्या क्षेत्रावर सुगी आणि हिनोकी या सूचिपर्णी झाडांच्या एकसुरी लागवडी झाल्या, खेडी ओस पडू लागली, पायथ्याची राने कुठे तोडली गेली, कुठे निगेवाचून गच्च झाली. तिकडे फिलिपाइन्समधले सखल भागातले बरेचसे जंगल विसाव्या शतकात नाहीसे झाले. ज्याचे घर दोन देशांत आहे त्याला बेघर करायला एकच देश पुरतो.

पण जपानीच्या कहाणीला आणखी एक पदर आहे, आणि आमच्या मते वाचकाला तोच अधिक मोलाचा. एके काळी जगभरात या पक्ष्यांची संख्या एक हजाराच्या आतच असावी असा अंदाज होता आणि लाल यादीत तो 'संकटग्रस्त' या अधिक गंभीर वर्गात होता. पुढे लोक सांजेला रानाच्या कडेला जाऊन बसू लागले, नराचे घुमणे ऐकून नोंदवू लागले, घरटी शोधू लागले. २०१६ साली जपानच्या पर्यावरण मंत्रालयाने या एका पक्ष्याच्या संरक्षणासाठी मार्गदर्शिका काढली. माहिती वाढली तसा संख्येचा अंदाजही वाढला आणि वर्ग 'असुरक्षित' असा सौम्य झाला. पक्षी मधल्या काळात फार वाढले असे नव्हे. ऐकणारे वाढले. धोका संपला असाही याचा अर्थ नाही. पण 'नाही' आणि 'आम्हाला दिसला नाही' ही दोन वाक्ये वेगळी आहेत, हे एका देशाने श्रम करून सिद्ध केले.

याच जागी आमच्या ओळखीची उलटापालट झाली. जो आम्ही डोळ्यांनी पाहिला त्या सह्याद्रीतल्या मलायीविषयी आमच्यापाशी पाचसात मिनिटे आहेत. जो कधी पाहिला नाही त्या मिझोगोईविषयी आमच्यापाशी त्याचा वार्षिक क्रम आहे, घरट्यांची वर्णने आहेत, दिनचर्या आहे, त्याच्या नावाचा हजार वर्षांचा प्रवास आहे. भाषांतरातला ग्रंथ टीपांसह हाती आला आणि मूळ भाषेतल्या ग्रंथाचे एकच पान वाऱ्याने उडत आले, असे हे झाले. मूळ भाषा येते म्हणून त्या एका पानावर संतुष्ट राहणे आम्हाला जमत नाही.

जागतिक यादीत मलायी रातबगळा 'चिंता नसलेल्या' वर्गात आहे. यादीचे चूक नाही. तैवानपासून आसामपर्यंत पसरलेल्या पक्ष्याला ती दुसरा वर्ग कसा देणार? पण पश्चिम घाटातले मलायी हे ईशान्येकडच्या आपल्या जातभाईंपासून शेकडो कोस तुटलेले आहेत, मधल्या साऱ्या दख्खनमध्ये त्यांना जागा नाही. तायपेइच्या बागेतली सुबत्ता दोडामार्गच्या किंवा सत्तरीच्या रानातल्या पक्ष्याच्या कामाची नाही. तिथे त्याला हवी ती ओढ्याकाठची, पावसाळ्यात सावली धरणारी जुनी झाडी. सिंधुदुर्गच्या दक्षिण भागात तशा कित्येक उतारांवर गेल्या काही दशकांत रबराच्या बागा उभ्या राहिल्या आहेत. एका जातीचे सरासरी चित्र हे तिच्या प्रत्येक वस्तीचे चित्र नसते. 'मराठी कादंबरी' असे एकवचनी विधान करताना एखाद्या बोलीत लिहिलेली, एकाच आवृत्तीत संपलेली कादंबरी जशी हिशेबाबाहेर राहते, तसेच हे आहे.

मोजण्याच्या पद्धतीनेही हा पक्षी निसटतो. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते. स्वयंसेवक तलाव, धरणे, खाड्या, मिठागरे येथे जाऊन बदके, चिखले, बगळे मोजतात, आणि ते काम मोठे आहे. पण आपले दोघेही जातीने पाणपक्षी असूनही पाणथळावर येत नाहीत, आणि जानेवारीत घुमत नाहीत. बगळ्यांच्या यादीत त्यांचे नाव असते, बगळे मोजण्याच्या जागी ते नसतात. रानपक्षी पाहणारा माणूस बहुधा हिवाळ्याच्या कोरड्या सकाळी, मान वर करून, झाडांच्या शेंड्यांकडे पाहत हिंडतो. हा पक्षी पावसात, पायाशी. वाङ्मयप्रकारांच्या चौकटीत न बसणाऱ्या लेखनाचे आपल्याकडे जे होते ते याचेही होते. कवितेच्या संपादकाला ते गद्य वाटते, निबंधाच्या संपादकाला कविता, आणि शेवटी ते लिहिलेच गेले नव्हते असा समज रूढ होतो.

तेव्हा साम्य-भेदांच्या तक्त्यात आम्ही आता एक तिसरा रकाना आखतो: हे कोणी, कुठे उभे राहून, किती वेळ पाहिले? मलायी आणि जपानी यांच्या चोचीत, पिसांत, आवाजात जो भेद आहे तो थोडा आहे. त्यांच्याविषयीच्या ज्ञानात जो भेद आहे तो फार मोठा आहे, आणि तो पक्ष्यांनी केलेला नाही. 'गुप्त राहणारा' हे विशेषण आम्ही पक्ष्याच्या रकान्यातून काढून या तिसऱ्या रकान्यात हलवले आहे. विद्यार्थ्यांना त्याचे नवल वाटते, मग ते 'दुर्बोध', 'उपेक्षित', 'अभिजात' ही विशेषणेही तिकडे नेऊन पाहतात. काही तिथे टिकतात, काही परत मूळ जागी येतात. तास त्यातच संपतो.

सह्याद्रीतल्या मलायीची वीण पावसाळ्यात असते. पावसाच्या तोंडावर आणि पहिल्या सरींनंतर, ओढ्याकाठच्या दाट झाडीतून सांजेला एक खोल, एकसुरी घुमणे ऐकू येऊ शकते. सेकंद-दीड सेकंदाच्या अंतराने एकेक हुंकार, आठदहा वेळा, आणि मग थांबणे. घुबड समजून ते सहज सोडून दिले जाते. कोकणात, गोव्यात, घाटमाथ्यावर राहणारे आमचे जे वाचक आहेत त्यांच्यापैकी कोणाला ते ऐकू आले, तर तारीख, वेळ, जागा आणि किती हुंकार मोजले ते वहीत लिहून ठेवावे. 'ऐकला, दिसला नाही' ही पूर्ण नोंद आहे. मिझोगोईची जी माहिती आज जगापुढे आहे तिचा बराच भाग अशाच नोंदींनी बनलेला आहे.